आधी हळद, मग कुंकू

सातपूरला मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत धनराजचं लेझरचं दुकान आहे. म्हणायचं दुकान, आहे पत्र्याची शेड. आत दोन मशिनी, धूर ओढणारा पंखा, भिंतीला टेकवलेले प्लायचे तक्ते, आणि कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत पल्लवी बसते. दुकानात शिरणाऱ्याला आधी जळक्या लाकडाचा वास येतो, मग पंख्याचा आवाज, आणि मग पल्लवीची पाठ दिसते. तोंड बघायला मिळालेलं गिऱ्हाईक विरळाच, कारण तोंड सदा स्क्रीनकडे.

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं. कुणाच्या तरी देवघराच्या दाराचा, लांबून काढलेला, निम्मा अंधारात. खाली लिहितं, सेम असंच पाहिजे, फक्त झेंडूची माळ नको. पण लेझरला फोटो कळत नाही, रेघ लागते. मग पल्लवी कॉम्प्युटरवर, कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या फोटोवरून एकेक रेघ ओढून जाळीचं चित्र नव्यानं उभं करते. रेघ कुठे तुटकी राहिली तर तुकडा सुटत नाही. एकावर एक दोन रेघा पडल्या तर मशीन त्याच जागेवरून दोनदा जातं आणि लाकडाचा कोळसा होतो. जाळीतल्या मोराचा पाय चौकटीला कुठेतरी चिकटलेला ठेवावा लागतो, नाहीतर मोर निसटून खाली राखेत पडतो. असल्या बारक्या चुका हुडकत ती दिवसभर बसते. तांदूळ निवडावेत तशी.

हे सगळं झालं की रेघांना रंग द्यायचे. मशीनला एवढंच कळतं, की ही रेघ या रंगाची, ती त्या रंगाची. कोणता रंग आधी चालवायचा, कोणता नंतर, कुठे नुसतं कोरायचं आणि कुठे आरपार कापायचं, ते माणसानं सांगायचं. आणि इथेच सगळी गोम आहे. जाळीची बाहेरची कड कधीच आधी कापायची नसते. ती आधी कापली तर तक्ता मोकळा होतो, जरासा खाली बसतो, आणि मग आतली नक्षी तिरकी जाते. आधी कोरकाम, मग बारकी भोकं, मग आतल्या खिडक्या आणि शेवटी कड.

बाकीच्या दुकानांत कडेला लाल रंग देतात. लाल म्हणजे शेवटी, हे सगळ्यांना पाठ. पल्लवीनं मात्र आपले रंग आपल्या पद्धतीनं ठेवले होते. ती कामाला लागली तेव्हा तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोणता रंग कितवा, हे डोक्यात राहीना. मग एक दिवस सकाळी घरी देवपूजा करताना तिच्या मनात आलं, आपण आधी देवाला पाणी घालतो, मग हळद, मग कुंकू, शेवटी फूलपान. त्या दिवसापासून तिनं निळ्यानं कोरायचं, पिवळ्यानं भोकं, लाल रंगानं खिडक्या आणि हिरव्यानं कड असं लावून टाकलं. पुन्हा कधी चुकली नाही. रोज मशीन सुरू होताना मनातल्या मनात तिची एक पूजा होऊन जायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते, हे एक. दुसरं कारण जरा खोल होतं.

ही पल्लवी मूळची सटाण्याची. वडील तिथल्या बाजार समितीत मापारी होते. आई झुंबरबाई. भावंड कोणी नाही. लग्न होऊन नाशिकला आली. नवरा दीपक कंपनीत शिफ्टला जातो, मुलगा रुद्र शाळेत. लग्नानंतर तिनं आधी एका लग्नपत्रिकेच्या प्रेसमध्ये काम धरलं. कोरल ती तिथंच शिकली. पुढे मालकाची भाची आली, तेव्हा मालक म्हणाला, हिला जरा दाखव. पल्लवीनं मोठ्या मनानं दाखवलं, अगदी हातचं राखून न ठेवता. भाचीचा हात बसला आणि मालकानं गोड बोलून सांगितलं, उद्यापासून तुम्हाला त्रास नको. त्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहून ती स्वतःशी म्हणाली होती, आता पुन्हा नाही.

धनराजच्या दुकानात ती म्हणूनच तोंड मिटून राहिली. रंग तिच्या डोक्यात, क्रम तिच्या डोक्यात. मशीनवर रावजी असतो. तो त्र्यंबककडच्या गावाचा, पन्नाशीचा, हाताचा अगदी खात्रीचा. पण फाईल लावली की पल्लवीनं खोलीतून उठून त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि क्रम सांगायचा, अशी रीतच पडली. एकदा चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडावर गेली. मागे काम आलं. रावजीनं आपल्या जुन्या सवयीनं लाल शेवटी ठेवला आणि कड आधी कापून बसला. अख्खा तक्ता वाया. ती परत आली तेव्हा रावजी म्हणाला, "बाई, तुमचे रंग तुम्हालाच ठावं. मी नाय हात लावायचा आता."

धनराज तिला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "पल्लवीताई, तुमच्याशिवाय या दुकानाचं पान हलत नाही."

त्या वाक्यानं तिला किती बरं वाटलं होतं! घरी जाताना तिनं पेढे घेतले होते. पेढे संपले, वाक्य राहिलं. पुढे रुद्रला ताप आला तेव्हा तेच वाक्य, नणंदेचं डोहाळजेवण होतं तेव्हा तेच. धनराज कधी ओरडला नाही, कधी नाही म्हणाला नाही. फक्त तोंड बारीक करून म्हणायचा, तुम्हीच सांगा ताई, मी काय करू. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडणार? माणूस आपल्याच हातानं आतून कडी लावून घेतो आणि मग दार बाहेरून ढकलणाऱ्याची वाट बघतो, तसं तिचं झालं होतं.

गेल्या वर्षापासून पिंकी नावाची मुलगी दुकानात आली. पंचवटीतली, चुणचुणीत, बोलायला फटकळ. चित्र काढण्यात तिचा हात चांगला होता. पण रंगांपाशी आलं की अडायची. तिनं दोनदा-तीनदा सरळ विचारलं. पल्लवीनं सांगितलं, हळूहळू येईल. पिंकी रावजीला म्हणाली, पल्लवीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "ताईंच्या फाईली म्हणजे सासूचे डबे. आत काय आहे ते सुनेला मरेपर्यंत कळायचं नाही." रावजी हसला. पल्लवीही हसली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सटाण्याकडे, सगळ्या बागलाणात, आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, आखाजीला लेक यायलाच हवी. झाडाला झोका, गौराईची गाणी, पुरणाचे मांडे, आमरस. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. नाशिकला त्याच दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि साडेतीन मुहूर्तांतला म्हणून सगळ्यांची वास्तुशांत, सगळ्यांची नवी दुकानं त्याच दिवशी. म्हणजे नावाच्या पाट्या, देवघरांच्या जाळ्या, सगळं त्याच आठवड्यात. त्यामुळे पल्लवीची आखाजी वर्षानुवर्षं काचेच्या खोलीत जात होती.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. दिवाळीच्या सुमाराला तिचे वडील गेले. ही त्यांची पहिली आखाजी, पहिली घागर. पहिली घागर मुलानं भरायची असा रिवाज. मुलगा नाही, तर भाऊबंदांतल्या कुणीतरी. तेराव्यालाच चुलत काका पुंजा पुढे होऊन म्हणाले होते, घागरीचं मी पाहीन. तेव्हा कधी नव्हे ती झुंबरबाई चार माणसांत बोलली होती. म्हणाली, माझ्या माणसाला वारस आहे. फोनवर तिनं पल्लवीला घरच्या बागलाणी बोलीत तेच पुन्हा सांगितलं.

"तुना बापनी घागर शे, पल्ले. भाऊबंदले मी सांगी दिधं, मनी पोरच भरी. येशी ना?"

"येसू माय," पल्लवी म्हणाली.

तिनं धनराजला सांगितलं. सगळं सांगितलं, घागरीचंही. त्याचे डोळे खरंच भरून आले, त्याचेही वडील लवकर गेलेले. म्हणाला, "ताई, मी कधी अडवलं का तुम्हाला? जा ना. फक्त हा लॅपटॉप बरोबर असू द्या. तुम्ही तिकडे, काम इकडे. कुणाचंच अडायला नको."

संध्याकाळी दीपकनं ती लॅपटॉपची बॅग बघितली आणि म्हणाला, "वा, बैल सोडला गावाला, पण जू मानेवरच."

आखाजीच्या आदल्या दिवशी ती रुद्रला घेऊन एसटीनं सटाण्याला उतरली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाय धुवून आत बसते न बसते तोच फोन वाजला. मग ती ओसरीवरच्या खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. बाहेर पोरी निंबाला झोका बांधत होत्या. तिच्या वर्गातली एकजण हाक मारून गेली. आई चुलीशी एकटी पुरण वाटत होती आणि मधूनमधून दारात येऊन उभी राहत होती. लेकीकडे बघून परत चुलीकडे जात होती. पल्लवी माहेरी आली होती, पण बसली होती सातपूरलाच.

आखाजीच्या सकाळी भाऊबंद जमले. नवी घागर गव्हावर मांडायची तयारी झाली. वर ठेवायचं छोटं मडकं, खरबूज, सांजोऱ्या, सगळं ताटात. पाणी शेंदून आणलेलं. पल्लवीनं अंघोळ करून नवं लुगडं नेसलं, आईनं वडिलांच्या तेराव्याला घेतलेलं. आता खाली बसायचं, तर फोन. पिंकी.

पाथर्डी फाट्याला एकांची त्या संध्याकाळी वास्तुशांत होती. देवघराच्या दाराची जाळी कापून द्यायची होती. सुतारानं चौकट केली ती मापापेक्षा लहान. घरमालक स्वतः दुकानात येऊन उभे. सागवानी प्लायचा तक्ता त्यांनीच आणून दिलेला, तसला दुसरा नाही. जाळी लहान करून आत्ताच कापायची. धनराजनं फोन घेतला. "ताई, तुम्ही फाईल करून पाठवा आणि मग रावजीला फोनवर क्रम सांगा. तासाभराचं काम. पुढचा सबंध दिवस तुमचा."

पल्लवीनं खाटेवरचा लॅपटॉप उघडला. सवयीनंच उघडला. फाईल यायला लागली, हळूहळू, गावचं नेटवर्क. लोक ओसरीवर ताटकळत. ऊन चढत चाललेलं. आत चुलीत गेलेल्यांच्या नावानं घास टाकायचे तर आधी घागर भरली पाहिजे, आणि त्याशिवाय कुणी जेवणार नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं.

पुंजाकाका वाईट नव्हते. पण त्यांच्या घरीही घागर होतीच. ते उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "पोर काममा शे. कंपनीवाली बाई. ऱ्हाऊ द्या, मी भरी टाकस."

त्यांनी घागरीला हात घातला. झुंबरबाई दारात उभी होती. तिनं पल्लवीकडे बघितलं नाही. ती खाली बघत राहिली, चार माणसांत बोललेला शब्द खाली पडल्यासारखी.

पल्लवीच्या स्क्रीनवर जाळी उघडली होती. निळ्या, पिवळ्या, लाल, हिरव्या रेघा. तासाभराचं काम. ते केलं असतं तर दुकानातली तिची जागा होती तशीच राहिली असती, आणि घागर काकांनी भरली असती. तिनं लॅपटॉप मिटला. पिंकीला फोन लावला.

"काका, थांबा," ती म्हणाली. आणि फोनमध्ये, "पिंकी, तुमच्याकडे देवपूजा कोण करतं?"

"आजी. का ओ ताई?"

"आधी काय करते?"

"आधी देवाला अंघोळ घालते. मग हळद, मग कुंकू, मग फुलं, तुळस. ताई, घरमालक समोर उभे आहेत हो."

"तसाच क्रम लाव."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग पिंकी एकेक शब्द मोजल्यासारखी म्हणाली, "निळा. पिवळा. लाल. आणि हिरवा शेवटी." वर म्हणाली, "एवढंच होतं ताई?"

"एवढंच होतं."

सांगायला सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. जाळी ओढून लहान करू नकोस, बिजागरीच्या खाचाही लहान होतील आणि ती बसणार नाही. नक्षीची मधली एक ओळ काढ आणि दोन्ही बाजू जवळ आण. जोडलेल्या जागी रेघेवर रेघ राहिली का बघ. पिवळ्याला ताकद कमी ठेव, हिरव्याला जास्त. तक्त्याच्या कोपऱ्यात एक बोटभर तुकडा आधी कापून बघ. प्रेसमध्ये भाचीला सांगितलं होतं त्याच आवाजात ती सांगत होती, आणि तो आवाज आपला आपल्यालाच ऐकू येत होता. पिंकी फक्त हो, हो म्हणत होती. एकदा म्हणाली, लिहून घेते. पल्लवी म्हणाली, लिहू नकोस, पूजा आहे ती, लक्षात राहील.

मग तिनं फोन बंद करून कोनाड्यात ठेवला.

घागर तिनंच भरली. पाणी ओततानाचा आवाज सबंध ओसरीवर ऐकू गेला. वर मडकं, त्यावर खरबूज. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची, एकेका गेलेल्याचं नाव घेत. पणजोबा, आजोबा, आजी. वडिलांच्या नावाला बोट टेकलं तेव्हा तिचा हात जरा थांबला. पुंजाकाकांनी मागून हळूच म्हटलं, "घे पोरी, नाव घे." तिनं घेतलं. चुलीत घास पडला, तूप तडतडलं. झुंबरबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच माणसांना वाढायला उठली, कारण मांडे गार होत होते.

पंगती उठल्यावर पल्लवी आईबरोबर जेवायला बसली. रुद्रच्या शर्टावर रसाचे ओघळ होते. कितीतरी वर्षांनी ती मांडा तोडत होती. घास घशाखाली उतरत होता, तरी लक्ष कोनाड्याकडे होतं. शेवटी तिनं उठून, डावा हात पुसून, फोन आणला आणि ताटावर बसूनच सुरू केला.

पिंकीकडून फोटो आलेला होता. जाळी चौकटीत बसवलेली, मागे घरमालकांचा अंगठा वर केलेला हात. पल्लवीनं फोटो मोठा केला. आधी कडा पाहिल्या. काळ्या पडल्या नव्हत्या. जोडाची जागा शोधली. ती सापडायला तिलाच वेळ लागला. खाचा पाहिल्या, मोराचे पाय पाहिले, कमळाच्या पाकळ्या एकेक करून पाहिल्या. फोटो खालून वर आणि वरून खाली सरकवत ती चूक हुडकत राहिली. उष्टा हात ताटात सुकला. चूक नव्हती.

खाली धनराजचा निरोप होता. ताई, पिंकीने छान केलं. तुम्ही उगाच काळजी करत होतात. आता आईजवळ निवांत राहा. सोमवारी आलात तरी चालेल.

तिनं तो दोनदा वाचला. हेच वाक्य मिळावं म्हणून तिनं देवीला किती वेळा हात जोडले होते. आता ते हातात आलं होतं, आणि ती त्यातला एकेक शब्द उलटून बघत होती. सोमवारी आलात तरी चालेल. म्हणजे मंगळवारी आलात तरी चालेल का? तिच्या डोळ्यांपुढे काचेची खोली आली, तिची खुर्ची, आणि खुर्चीत पिंकीची पाठ. पिंकीचं काही चुकलं नव्हतं. धनराजचंही नाही. मनात वाकडं नसलेली माणसं सगळी, आणि तरी ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

बाहेर पोरींनी झोका मोकळा सोडला होता. कुणीतरी तिचं नाव घेऊन बोलावत होतं, पल्लवीबाई, या ना, जेवण झालं असेल तर. आईनं तिच्या ताटात आणखी रस वाढला.

"माय," पल्लवी म्हणाली, "सकायनी पहिली एसटी कितीले शे?"

झुंबरबाईचा वाढणारा हात थांबला. तिनं पातेलं खाली ठेवलं. खाटेवरची लॅपटॉपची बॅग बघितली, लेकीच्या हातातला फोन बघितला.

"उद्याच? तुले कोनी धरी ठेयेल शे तठे?"

पल्लवीनं मनातल्या मनात एकेक नाव लावून पाहिलं. धनराज म्हणावं तर त्यानं सोडलं होतं. काम म्हणावं तर ते झालं होतं.

"कोनीच नही, माय," ती म्हणाली, आणि सुकलेल्या हातानं पुन्हा मांडा तोडायला लागली.